‘ते बाळ’ खरंच होतं का?

पत्र :

आमची मुलगी चार वर्षांची असताना आमच्या घरी आली. आता ती साडेआठ वर्षांची आहे. संस्थेने दिलेल्या फाइलप्रमाणे ती साधारण अडीच वर्षांची असताना एकटी सापडली आणि पुढचं दीड वर्ष संस्थेतच होती. घरच्यांचा पत्ता लागला नाही. ती दत्तक आहे हे तिला पहिल्यापासून माहीत आहे.

गेल्या वर्षभरात ती अधूनमधून आधीचं काहीबाही सांगते. एक लोखंडी जिना होता, त्याच्या फटींतून खालचं दिसायचं. एक बाई ओल्या फडक्याने तोंड खसाखसा पुसायची. आणि एक बाळ होतं, त्याला ती मांडीवर घेऊन बसायची. सुरुवातीला ती नुसतं ‘बाळ’ म्हणायची. सुट्टीत माझी नणंद आली होती, तिने विचारलं, “तो तुझा भाऊ होता का गं?” तेव्हापासून ते ‘माझा भाऊ’ झालं. हल्ली त्याच्या डोक्यावर लाल टोपीही असते. तशा टोपीतला एक फोटो आमच्या अल्बममध्ये आहे, पण तो माझ्या भाच्याचा.

फाइलमध्ये भावाचा उल्लेख नाही. मिस्टर म्हणतात, विषय काढू नकोस, आपोआप विसरेल. सासूबाई म्हणतात, लहान मुलं काहीही रचतात. परवा झोपताना तिने विचारलं, “आई, तो आता केवढा झाला असेल?” मला काही बोलताच आलं नाही. हे खरं मानायचं की कल्पना? हो म्हटलं तर खोटं पक्कं होईल, नाही म्हटलं तर माझा तिच्यावर विश्वास नाही असं तिला वाटेल.
— एक आई

उत्तर :

तुमच्या पत्रातल्या सगळ्यात मोलाच्या दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात : नणंदेचा प्रश्न आणि लाल टोपी. तुम्ही खरं की खोटं असा एकच प्रश्न विचारला आहे, पण तुमच्याच पत्राप्रमाणे इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या वेळी आल्या आहेत. टोपी बहुधा अल्बममधून आली. ‘भाऊ’ हे नातं नणंदेने पुरवलं, अर्थात चांगल्या मनाने. बाळ मात्र या दोन्हींच्या आधीपासून आहे. तेव्हा टोपी खोटी निघाली म्हणून बाळ खोटं ठरत नाही, आणि बाळ खरं असलं म्हणून तो भाऊच होता असंही नाही.

मला विचाराल तर सगळ्यात साधी शक्यता अशी की ते बाळ संस्थेतलं असावं. मोठ्या माणसांना त्यांची पहिली आठवण विचारली तर ती सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली निघते. दोन-अडीचच्या आधीचं फारच थोडं मागे उरतं, आणि उरलं तरी तुटक. तुमची मुलगी अडीच ते चार या वयात संस्थेत होती. बरीच मुलं एकत्र राहतात तिथे तीन-चार वर्षांच्या मुली तान्ह्या बाळांभोवती घुटमळतात. कुणी मांडीवर बाळ दिलं की ‘आपलं’ बाळ म्हणून मिरवतात. तोंड पुसणारी बाई आणि लोखंडी जिनाही तिथलाच असू शकेल. तसं निघालं तर ही आठवण जवळजवळ पूर्ण खरी आहे, फक्त तिच्यावर नात्याची चिठ्ठी नंतर चिकटली. अर्थात ही शक्यता आहे, निकाल नव्हे. अडीच वर्षांच्या मुलीला धाकटं भावंड असणं यात अशक्य काही नाही.

फाइलमध्ये उल्लेख नाही, याला फार वजन देऊ नका. एकट्या सापडलेल्या मुलाची फाइल त्याला कुठे, कधी, कोणत्या अवस्थेत आणलं इथून सुरू होते. त्याआधीचं सांगणारं कुणी नसलं तर ते पान कोरंच राहतं. भावंड नसल्याची नोंद वेगळी आणि भावंडाबद्दल काहीच नोंद नसणं वेगळं. तिचं वयही ‘साधारण’ आहे, म्हणजे दात, उंची, वजन पाहून डॉक्टरांनी ठरवलेलं. त्यात काही महिने इकडे-तिकडे झाले तरी मी वर मांडलेलं गणित हलतं.

आता तुमच्या मिस्टरांच्या म्हणण्याकडे येते. ती विसरेल, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. नेमकी तीच अडचण आहे. बालपणीच्या या विस्मरणाला फ्रॉइडने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नाव दिलं, पण मुलं स्वतःच्या आठवणी नेमक्या केव्हा गमावतात हे बरंच अलीकडे तपासलं गेलं. अमेरिकेत पॅट्रिशिया बाउर यांच्या गटाने तीन वर्षांच्या मुलांशी त्यांच्या आयांना नुकत्याच घडलेल्या प्रसंगांबद्दल बोलायला लावलं, ते ध्वनिमुद्रित केलं, आणि काही वर्षांनी त्याच मुलांना तेच प्रसंग विचारले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातले निम्म्याहून बरेच जास्त प्रसंग आठवत होते, म्हणजे साठ टक्के किंवा त्याहून अधिक. आठ-नऊ वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्याही खाली आलं. तुमची लेक साडेआठची आहे. दार बंद होतंय ते आत्ता, तुम्ही विषय काढा वा न काढा. ज्या मुलांचे आईवडील, आजी, काका पहिल्यापासून सोबत असतात त्यांचं एवढं बिघडत नाही, कारण त्यांच्यासाठी आठवण ठेवणारं कुणीतरी असतं. तू रांगताना देव्हाऱ्यापाशी जायचास, हे सांगणारी माणसं घरात असतात. तुमच्या मुलीच्या पहिल्या चार वर्षांची साक्षीदार या घरात ती एकटीच आहे.

त्याच अभ्यासातली आणखी एक बाब तुमच्या कामाची आहे. ज्या आया बोलण्याची दोरी मुलाच्या हाती देत, म्हणजे ‘अजून सांग’, ‘मग काय झालं’ एवढंच विचारत, त्यांच्या मुलांना पुढे जास्त आठवत होतं. नणंदेच्या प्रश्नाशी हे ताडून पाहा. ‘तो तुझा भाऊ होता का?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं होतं. आठ वर्षांच्या मुलीला आत्याने एवढ्या प्रेमाने विचारल्यावर ती ‘हो’च म्हणणार. एकदा हो म्हटल्यावर ते तिचंच झालं. यात तिने खोटं काही केलेलं नाही.

सासूबाईंनाही हे सांगता येईल. मुलं रचतात असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा रचतात मोठी माणसं आणि सांभाळतात मुलं. मुलांच्या विचारशक्तीचा आयुष्यभर अभ्यास केलेले जाँ पियाजे यांना लहानपणची एक आठवण अगदी लख्ख होती : बाबागाडीत बसलेले असताना एका माणसाने त्यांना पळवायचा प्रयत्न केला, सांभाळणारी बाई मधे पडली, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले, लोक जमले, पोलीस आला. ते साधारण पंधरा वर्षांचे असताना त्या बाईचं आईवडिलांना पत्र आलं. हा सगळा प्रसंग मी बनवला होता, असं तिने कबूल केलं आणि बक्षीस म्हणून मिळालेलं घड्याळही परत केलं. लहानपणी घरात ऐकलेल्या हकिकतीचं मुलाच्या मनात चित्र झालं होतं, ओरखड्यांसकट. १९९५ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलीन पिकरेल यांनी २४ जणांवर केलेल्या प्रयोगात, लहानपणी बाजार-संकुलात हरवल्याचा न घडलेला प्रसंग सुमारे चौथ्या हिश्श्याला थोडाफार किंवा पूर्ण आठवू लागला. तो प्रसंग घरच्या माणसाकडून कळला आहे असं त्यांना सांगण्यात आलं होतं. घरच्या शब्दाला एवढं वजन असतं. म्हणून तुमच्या घरातल्या प्रत्येकाने सध्या तोंड सांभाळावं. ‘हो हो, होता तुझा भाऊ’ हेही नको आणि ‘असं काही नव्हतं’ हेही नको.

यावर तुम्ही म्हणाल, मग मी करायचं काय, मुकाट बसू? नाही. एक वही घ्या. साधी, पण फक्त याच कामाची. ती काही बोलली की त्याच दिवशी, तिच्याच शब्दांत लिहा. तुमच्या शब्दांत नको. ‘खसाखसा’ ती म्हणाली असेल तर ‘जोरात’ लिहू नका. तारीख घाला, आणि त्याआधी काय चाललं होतं तेही लिहा : अल्बम पाहत होतात, टीव्हीवर काही होतं, शाळेत कुणाला भाऊ झाला होता. पुढे कधी टोपी कुठून आली हे शोधायचं झालं तर तीच ओळ उपयोगी पडेल. सांगणं बदललं तर जुनं खोडू नका, नवं त्याखाली लिहा. मागचं वर्षभर निसटलं असलं तरी तुम्हाला आठवतंय तेवढं आज लिहून काढा आणि ‘हे मी आठवून लिहिलं’ अशी नोंद करा, कारण तुमचीही आठवण आहेच की. ती चित्र काढत असेल तर जिना काढू दे. मागे तारीख टाका, पण ‘कठडा कुठाय?’ असं विचारू नका. आणि हे लिखाण तिला पुन्हा पुन्हा वाचून दाखवू नका. घोकलेलं पाठ होतं, आणि पाठ झालेलं आठवल्यासारखं वाटतं. वही आहे हे तिला माहीत असू द्या. मागितली तर द्या.

तिच्या शब्दांत का, याचं एक उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. सरू ब्रायर्ली पाच वर्षांचा असताना १९८६ मध्ये रेल्वेत चुकून थेट कलकत्त्याला पोचला आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात दत्तक गेला. त्याला आठवणारी नावं मोडकीतोडकी होती. तो ‘बेरमपूर’ म्हणायचा ते बऱ्हाणपूर होतं. स्वतःचं नावही तो सरू सांगायचा, ते होतं शेरू. पण स्टेशनाजवळची पाण्याची टाकी आणि पूल ही चित्रं जागेवर बसली, आणि पंचवीसेक वर्षांनी उपग्रहाच्या नकाशावर शोधत शोधत तो खंडव्याला आईपर्यंत पोचला. कुणी मोठ्या माणसाने ते नाव आपल्या समजुतीने ‘सुधारून’ ठेवलं असतं तर शोध भलतीकडेच गेला असता. अशी गोष्ट क्वचितच घडते, तुमच्याकडे घडेल अशा आशेने वही ठेवू नका. मुलांना नाव चुकीचं आणि दृश्य बरोबर आठवू शकतं, एवढंच त्यातून घ्या.

आता परवा रात्रीचा प्रश्न. त्याला उत्तर द्यायचं राहिलं असलं तरी वेळ गेलेली नाही, तुम्हीच विषय काढू शकता. “तू परवा विचारलंस ना, ते बाळ आता केवढं झालं असेल? मी त्यावर विचार करत होते. मला ते माहीत नाही. पण तू सांगतेस ते ऐकायला मला आवडतं.” बस. तुम्हीही बाळच म्हणा, ती भाऊ म्हणाली तर टोकू नका. साडेआठ वर्षांच्या मुलीला एक फरक नीट समजतो, तो खेळता खेळता शिकवा : हे मला आठवतंय, हे मला कुणी सांगितलंय, हे मला असं वाटतंय. आधी तुमच्याच गोष्टींवर करा. तुम्ही दोन वर्षांच्या असताना पाटावरून पडलात हे तुम्हाला आठवतं की आईने सांगितलंय? मुलांना मोठ्यांची अशी उलटतपासणी घ्यायला फार आवडतं. टोपीचा उलगडा मुद्दाम करू नका. कधी अल्बम उघडला आणि तो फोटो आला तर ‘ही माझ्या भाच्याची टोपी’ एवढंच सांगा आणि पान उलटा. दोन्हींची सांगड घालायची असेल तर ती घालेल.

त्या प्रश्नामागे आणखी एक गोष्ट असू शकते, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. केवढा झाला असेल, म्हणजे त्यालाही कुणी घरी नेलं का? मला नेलं आणि तो तिथेच राहिला का? ज्या मुलीने बाळाला मांडीवर सांभाळलं, तिला आपण त्याला टाकून आलो असं वाटू शकतं. चार वर्षांच्या मुलीला हे बोलता येत नाही, साडेआठच्या मुलीला थोडंफार येतं. ते तिच्याकडून वदवून घेऊ नका. मात्र एखाद्या बेताच्या क्षणी सहज म्हणा, “बाळांची काळजी घेणं मोठ्या माणसांचं काम असतं. तू तेव्हा स्वतःच केवढीशी होतीस.” बाळ खरं असो वा नसो, हे वाक्य खरंच राहील.

विसरल्यावर मागे काहीच उरत नाही असंही समजू नका. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये २०१४ साली नऊ ते सतरा वर्षांच्या अशा मुलींचा अभ्यास झाला, ज्या तीन वर्षांच्या आत चीनमधून दत्तक येऊन फक्त फ्रेंच बोलत वाढल्या होत्या. चिनी भाषेचा एक शब्दही त्यांना कळत नव्हता. तरी चिनी भाषेतले सुरांचे चढउतार ऐकवल्यावर त्यांचा मेंदू ती भाषा बोलणाऱ्यांसारखाच प्रतिसाद देत होता. पण याचा उलटा अर्थ काढू नका. ती अमुक आवाजाला दचकते, अमुक वास तिला नको असतो, म्हणजे तेव्हा अमुक घडलं असणार, असं मागे जाऊन ठरवता येत नाही.

ती घाबरून उठायला लागली, एकच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळात आणायला लागली, किंवा कुणी दुखापत केल्याचं बोलली, तर स्वतः चौकशी करू नका. तिचे शब्द लिहा, आणि दत्तक मुलांसोबत काम केलेल्या बालमानसतज्ज्ञांकडे जा. संमोहनाने जुन्या आठवणी बाहेर काढून देतो असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. संमोहनात आठवणी अचूक होत नाहीत, आपला त्यांच्यावरचा भरवसा तेवढा वाढतो. डीएनए चाचणीचं कुणी सुचवलं तर माझं मत : आत्ता नको. तो निर्णय मोठेपणी तिचा.

संस्थेला मात्र विचारा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या आठव्या कलमात मुलाची ओळख, कौटुंबिक नात्यांसकट, जपण्याचा हक्क मान्य केला आहे, आणि आईवडिलांविना वाढणाऱ्या मुलांच्या संगोपनाबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत एकमेकांशी बांधलेल्या भावंडांची ताटातूट शक्यतो करू नये असं म्हटलं आहे. तेव्हा आपण काही मेहेरबानी मागतोय असं वाटून घेऊ नका. पत्र लिहा, फोनवर नको. फोनवर ‘नाही हो, तसं काही नाही’ म्हणून विषय मिटतो. नेमकं विचारा : तिला आणलं त्या दिवशी किंवा आसपास आणखी एखादं मूल आणल्याची नोंद आहे का? तिच्या खोलीत त्या दीड वर्षात तान्ही बाळं होती का? सांभाळणाऱ्या ताई-मावश्यांपैकी कुणी अजून आहे का? तेव्हाचे फोटो आहेत का? आणि इमारतीतला जिना कसा होता? हा शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण पडताळून पाहता येईल अशी तुमच्या हातातली ती सर्वांत सोपी गोष्ट आहे. जिना तिथला निघाला तर बाळही तिथलंच असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. विचारताना ‘लोखंडी होता ना?’ असं मात्र लिहू नका. मावशींनाही आठवण असते आणि त्याही हो म्हणतील.

हे पत्र गेल्याचं लेकीला उत्तर येईपर्यंत सांगू नका. साडेआठव्या वर्षी महिनोन्‌महिने वाट पाहणं जड जातं. पत्र टाकण्याआधी तुम्ही दोघं बसून दोन्ही उत्तरांचा विचार करून ठेवा, आणि मिस्टरांना या बैठकीतून सूट देऊ नका. ‘खोलीत बाळं होती, मोठ्या मुली त्यांना खेळवायच्या’ असं उत्तर आलं तर ते तिला जसंच्या तसं सांगता येईल. तिच्या आठवणीला पहिल्यांदाच कुणा दुसऱ्याचा दुजोरा मिळेल, आणि भाऊ की नाही याचा विचार ती आपल्या गतीने करेल. नोंद सापडली नाही तर तेही सांगा : “मी विचारलं, त्यांच्याकडे लिहिलेलं नाही.” ‘म्हणजे नव्हतं’ असं त्याला जोडू नका.

आणि खरंच भावंड असून ते दुसऱ्या घरी गेल्याचं कळलं, तर पुढचा संपर्क संस्थेमार्फतच करा. तिकडच्या आईवडिलांनी त्या मुलाला काय सांगितलंय हे तुम्हाला ठाऊक नसेल. त्यांच्यासाठी एक पत्र संस्थेच्या फाइलमध्ये ठेवून द्या, तुमचा पत्ता बदलला की तिथे कळवत राहा. मुलीला ही बातमी सांगताना मात्र समुपदेशकांना आधी भेटा, आणि सांगायची ती दोघांनी मिळून, शाळा नसलेल्या दिवशी सकाळी सांगा, म्हणजे प्रश्न विचारायला तिला अख्खा दिवस मिळेल.